मासे आजारी, फोडणी बंद

काचेच्या टाकीत बर्फ टाकू नका. पुढचं काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं ध्यानात ठेवा.

अंक काढणारे गुरुजी म्हणाले होते, सुरुवात जरा सजवून करा. मला सजवता येत नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही मागच्या बाकावर. पण वाशिमात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत रंगीत माशांचं दुकान बावीस वर्षं चालवलं. माझ्या पाहण्यात मासे भुकेनं फार कमी मेले. जास्त मेले ते पाणी एकदम तापल्यानं, नाहीतर एकदम गार पडल्यानं. खरं सांगायचं तर माणसाच्या घाईनं मेले.

बर्फाचं सांगतो. मे महिन्यातली दुपार. अनसिंगचे बळीरामभाऊ डोक्याला दुपट्टा गुंडाळून दुकानात आले आणि टेबलावर बरणी आपटली. बरणीत आठ मासे, आठही उलटे.

"मेलेलेच देल्ले होते काय मले?"

मी उठलो, पण माझ्याआधी वेणू बोलली. वेणू म्हणजे माझी बायको. दुकानाच्या पाटीवर नाव माझं होतं, चालवायची ती.

"भाऊ, पहिले पानी प्या. मंग काय केलं ते सांगा."

"काई नाई केलं. उलटं भलं केलं त्याईचं. रसवंतीवरून बर्फाची लादी आनली अन् सोडली पान्यात. म्हनलं, आपल्यालेच जीव नकोसा होऊन राह्यला, त्या बिचाऱ्याईचं काय होत असंन!"

"तुमाले कोनी झोपेतून उचलून हिरीत टाकलं तर?"

"मी पोहीन."

"हे बी पोहूनच राह्यले होते, भाऊ."

बळीरामभाऊ असे हसले की दुपट्टा सुटला. पुढं ते आमचे पक्के गिऱ्हाईक झाले. दर उन्हाळ्यात दारातूनच ओरडायचे, "वहिनी, औंदा लादी नाई आनली!"

आता हे असं का होतं ते सांगतो. आपल्या अंगात आपली शेगडी असते. बाहेर पौषातली थंडी असो की मे महिन्यातलं ऊन, अंग आतून तेवढंच राहतं. माशाच्या अंगात शेगडी नाही. जेवढं पाणी, तेवढा मासा. दुकानातले बहुतेक मासे मूळचे उष्ण मुलखातले. त्यांना पंचवीस ते अठ्ठावीस अंश मानवतं. त्याखाली गेलं की खाल्लेलं पचत नाही, पंख मिटून कोपऱ्यात दबतात. फार तापलं की पाण्यातली हवा कमी होते, मग वर येऊन तोंड उघडझाप करतात. लोकांना वाटतं भूक लागली, आणि ते आणखी खायला टाकतात. पण सगळ्यात वाईट काय तर एकदम बदल. पाणी हळूहळू बत्तीसपर्यंत चढलं तर मासा कसाबसा निभावून नेतो. तेच घटकाभरात दहानं उतरवलं की संपला.

म्हणून उन्हाळ्यात झाकण काढा, टाकीला ओलं फडकं गुंडाळा, हवेची मोटर चालू ठेवा, पाणी थोडं थोडं बदला. आणि टाकी कूलरसमोर ठेवू नका.

कूलरचं मी सांगावं ही गंमतच आहे, कारण मी मूळचा कूलर दुरुस्त करणारा. पत्रा, पंप, गवताच्या जाळ्या, हे माझं काम. कूलरच्या टाकीत डासांच्या अळ्या होतात म्हणून कोणीतरी गप्पी मासे आणून दिले. मी त्यातले चार वेणूला दाखवायला घरी आणले. तिनं ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत सोडले. दोन महिन्यांत घरातल्या सगळ्या बरण्या संपल्या. लोणचं पातेल्यात आणि मासे बरणीत. तेव्हाच मी ओळखलं की आता आपला धंदा बदलणार.

मासे अकोल्याहून यायचे. थर्माकोलच्या पेटीत, पिशव्यांत हवा भरून, एस.टी.नं. पेटी मागच्या डिकीत टाकली की उन्हाळ्यात मासे शिजून येत. म्हणून वेणू कंडक्टरला भाकरीचा डबा द्यायची आणि पेटी त्याच्या पायाशी ठेवायला लावायची. एकदा एक नवा कंडक्टर म्हणाला, "मावशी, तिकीट लागंन याचं." ती म्हणाली, "लाव ना बापा. पन मंग खिडकीजवळची सीट दे त्याईले."

पिशवीबद्दल तिचा एक कायदा होता. गिऱ्हाइकानं मासे घेतले की ती पिशवी हातात देण्याआधी विचारायची, "घरी जाऊन काय करसान?"

कोणी म्हणालं, पाण्यात सोडीन, की पिशवी मागं. मग ती समजावून सांगायची. घरी जा. पिशवी तशीच बंद टाकीत तरंगत ठेवा. चहा मांडा. निवांत प्या. कप धुवा. मग पिशवीचं तोंड उघडा, टाकीतलं वाटीभर पाणी तिच्यात घाला. परत थांबा. तोवर आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं होतं. मग मासा आपला आपण बाहेर येतो. "नवी नवरी उंबऱ्यावर थांबते का नाई? माप वलांडल्याशिवाय आत घेत नाई ना? तसंच हे." एका साहेबानं सांगितलं की मी चहा पीत नाही. ती म्हणाली, "मंग तुमी मासे नका पाळू."

मी तापमापी घेऊन फिरायचो. ती हात घालायची. कोपरापर्यंत हात पाण्यात, डोळे जरासे बारीक, आणि सांगायची, "सव्वीस." मी तापमापी पाहायचो. सव्वीस. बावीस वर्षांत ती एकदाच चुकली, आणि तेव्हा तापमापी फुटलेली निघाली. तिनं मला शिकवलं की हात नेहमी तळापर्यंत घालायचा. हीटर लावला की वरचं पाणी कोमट होतं, खालचं गारच राहतं. वरवर हात लावून खुश झालात की फसलात. हे मी पुढं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलो. शेकडो लोकांना सांगितलं असेल. हे वाक्य ध्यानात ठेवा, मला पुढं लागणार आहे.

पाणी अचानक गार पडलं की माशांना एक रोग होतो. अंगावर रव्याचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके. मासा दगडाला अंग घासत फिरतो. याला औषधं मिळतात, पण जुना इलाज म्हणजे पाणी सावकाश चढवत तीसपर्यंत न्यायचं, साधं खडे मीठ घालायचं आणि हवा वाढवायची. ठिपके गळून पडतात. पण गळले म्हणजे गेले असं नाही, रोग खाली वाळूत पडून असतो. म्हणून ठिपके गेल्यावरही चार-पाच दिवस इलाज सोडायचा नाही.

वेणूनं हे ठिपके पहिल्यांदा पाहिले तेव्हा कपाळाला हात लावला. "अहो, माता आली ना याईच्या अंगावर!"

लेकरांना कांजण्या आल्या की आमच्याकडे माता आली म्हणतात. दाराला कडूनिंबाची डहाळी बांधतात. घरात फोडणी देत नाहीत, तिचा वास आजाऱ्याला बाधतो म्हणतात. वेणूनं टाकीला डहाळी बांधली आणि फोडणी बंद केली. आमचं दुकान पुढं, घर मागं, मध्ये एक भिंत. आठ दिवस मी मीठ-हळदीची उकडलेली डाळ खाल्ली.

"माशाले नाक कुठी हाय वं?" मी म्हणालो.

"तुमाले तरी कुठी हाय? मगाशी दूध करपलं, तुमी बाजूलेच बसून होते."

मासे बरे झाले. मी म्हणालो, हीटरनं झाले. ती म्हणाली, डहाळीनं. पुढं दर वेळी मी हीटर लावायचो आणि ती डहाळी बांधायची, आणि श्रेयाचं भांडण मिटलं नाही ते नाहीच.

त्या डहाळीनं एकदा घोटाळा केला. कामरगावचे एक किराणावाले शेठ होते. त्यांनी टाकी बरोबर कूलरच्या तोंडासमोर ठेवली. मी दोनदा बजावलं, ते दोनदा हो म्हणाले. ठिपके आले. शेठ दुकानात आले तेव्हा नेमकी आमच्या एका टाकीला डहाळी बांधलेली होती. त्यांनी वेणूला विचारलं, तिनं सांगितलं. इलाज मीही सांगितला, पण शेठच्या डोक्यात डहाळीच राहिली. आठवड्यानं परत आले, तोंड पडलेलं.

"काकू, सगळं रीतीनं केलं. डहाळी बांधली. फोडणी बंद केली. पाचव्या दिवशी आंघोळ बी घातली."

"कायची आंघोळ?"

"निंबाचा पाला उकळून. कोमट करून, गाळून, मंग टाकीत ओतला. लेकराले माता उतरली की घालतात ना?"

मी हसू दाबायला मागच्या खोलीत गेलो. परत आलो तर वेणू रडत होती. अकरा मासे गेले होते. ती सारखी म्हणत होती, माझ्यामुळं झालं, मी अर्धंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं मला कामरगावच्या गाडीत बसवलं, मांडीवर माशांची पिशवी, आणि शेठच्या घरी जाऊन स्वतःच्या हातानं मासे सोडायला लावले. शेठनं माझ्यासमोर चहा मांडला, आम्ही दोघं तो निवांत प्यायलो, आणि मी कप धुतला. त्या दिवसापासून ती डहाळीबद्दल विचारणाऱ्याला शेवटी एक वाक्य जोडायची, "बाहेर बांधायची, पान्यात नाई."

आता जे लिहायचं ते लवकर लिहून टाकतो.

वेणू मागच्या पौषात गेली. थंडी फार होती. रोज सकाळी ती टाक्यांचं पाणी बदलायची, मी नको म्हणायचो, ती ऐकायची नाही. तीन-चार दिवस ती गप्प गप्प होती. मी विचारलं, "बरं नाई का? ताप हाय?" ती म्हणाली, "नाई, नुसती कणकण हाय." मी तिचा हात हातात घेऊन पाहिला. गार होता. मी म्हणालो, ताप नाही, आणि कामाला लागलो.

हात गार होता, कारण ती नुकतीच पाण्यातून हात काढून आली होती.

मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला नाही. बावीस वर्षं लोकांना सांगत आलो की वरवर हात लावून फसू नका. दुकानात चौदा टाक्या, चौदा तापमाप्या. तिला एकदाही लावली नाही. दवाखान्यात नेली तोवर छाती भरली होती. डॉक्टर म्हणाले, तापाला पाच-सहा दिवस झाले असतील. पाच दिवसांनी ती गेली.

मुलगा सतीश म्हणतो, "बाबा, आईनं कोणाला सांगितलंच नसतं." खरं असेल. पण विचारायचं काम माझं होतं, आणि विचारायची जागा मला माहीत होती.

दुकान मी बंद केलं. टाक्या ओळखीच्यांना दिल्या. एक तेवढी ठेवली, वेणूची स्वतःची, मागच्या खोलीतली. त्यात एकच मासा उरला आहे. एंजल जातीची मादी, तळहाताएवढी, अंगावर काळे पट्टे. रुपयाएवढी होती तेव्हा आली. वेणू तिला मोठीबाई म्हणायची, कारण खायला टाकलं की बाकीचे धावायचे आणि ही सावकाश यायची, जशी काही पंगत हिच्यासाठीच थांबली आहे.

सतीश पुण्यात असतो. पोरगा चांगला आहे. मी एकटा राहतो याचा त्याला घोर आहे. दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, "एका माशासाठी तुम्ही इथं बसून राहणार?" मी चिडून म्हणालो, "मासा गेला की येतो. मंग घर बी वीक." मी रागात बोललो, त्यानं ते धरून ठेवलं. तेव्हापासून दर रविवारी फोन येतो आणि पहिला प्रश्न एकच, "मासा कसा आहे?" पुढचा प्रश्न तो विचारत नाही. मला ऐकू येतो.

औंदा थंडी पडली आणि एका सकाळी मोठीबाई दगडाला अंग घासताना दिसली. चष्मा लावला. पंखांवर, शेपटीवर, सगळीकडे रव्याचे दाणे. हात पाण्यात घातला, तळापर्यंत. एकोणीस असेल. तापमापी पाहिली, एकोणीस. हीटरचा दिवा लागत होता, हीटर तापत नव्हता. मी रोज दिवा पाहत होतो, पाण्यात हात घालत नव्हतो. परत तेच केलं होतं मी.

रिकाम्या घरात मी मोठ्यानं म्हणालो, "वेणू, माता आली वं तिच्या अंगावर."

नवा हीटर आणला. सकाळी एक अंश, संध्याकाळी एक अंश, असं चढवत नेलं. मीठ घातलं. मग डहाळी आणायला गेलो. इतक्या वर्षांत मी ती कधी बांधली नव्हती, ते तिचं काम. गाठ नीट बसेना. तीनदा पडली, शेवटी चिकटपट्टीनं लावली. वेणू असती तर पोट धरून हसली असती.

हवा वाढवायची म्हणून मोटर पाहिली. ही मोटर स्वयंपाकघराच्या भिंतीवर, फळीवर. मीच ठोकून दिली होती, बाहेर तिचा आवाज येऊ नये म्हणून. नळी भिंतीतून टाकीत. दुकान होतं तेव्हा सगळ्या टाक्यांना हवा इथूनच जायची. आवाज दमल्यासारखा येत होता म्हणून खोलली. आत हवा गाळायला कापडी चकती असते. ती पिवळी, तेलकट, चिकट झाली होती. नाकाजवळ नेली. जिरं, लसूण, मिरची. तिच्या हातच्या सगळ्या फोडण्या त्या चकतीत बसल्या होत्या.

मी तिथंच खाली बसलो. मोटर जिथं असते तिथली हवा ओढते आणि पाण्यात सोडते. एवढी वर्षं स्वयंपाकघरातला सगळा ठसका सरळ माशांच्या पाण्यात जात होता. निरोगी मासा तो सोसतो. आजारी माशाचे कल्ले आधीच थकलेले असतात, त्याला नाही सोसत. म्हणजे बाई बरोबर होती. माशांना नाक नव्हतं, ते मीच भिंतीवर ठोकून दिलं होतं. तिला हे ठाऊक होतं असं मी म्हणत नाही. ती नुसती रीत पाळत होती. पण बरोबर होती, आणि हे सांगायला आता ती नाही.

मोटर बाहेरच्या खोलीत नेली असती तर फोडणीचा प्रश्नच मिटला असता. नेली नाही. नुसती धुतली आणि परत तिथंच लावली. फोडणी बंद ठेवली.

शेजारच्या नलूबाई मला अधूनमधून भाजी आणून देतात. दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन आल्या, वर लाल तर्री. मी दारातच हात आडवा केला.

"फोडणीचं आत नका आनू, बाई."

"काहून? पोट बिघडलं का?"

"मोठीबाईच्या अंगावर माता आली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डहाळीकडे. वाटी घेऊन परत गेल्या. मला वाटलं, म्हातारा बिघडला म्हणत असतील. दुसऱ्या दिवशी परत आल्या. वाटीत नुसती उकडलेली तुरीची डाळ.

"घ्या काकाजी. आमच्याकडं बी बंद केली. आपली खिडकीले खिडकी हाय. लेकरं बोंबलून राह्यले, पन म्हनलं, काकूचा मासा हाय."

रविवारी फोन आला.

"मासा कसा आहे?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. बोललो नाही. "अंगावर माता आली."

सतीश म्हणाला, "आई असती तर फोडणी बंद केली असती."

"बंदच हाय."

त्याचा आवाज बदलला. पुणं जाऊन वाशिम आलं त्यात. "बाबा, पानी एकदम नका चढवू."

"मले शिकवतं का बे?" मी म्हणालो. पण बरं वाटलं.

पाचव्या दिवशी मोठीबाई तळाशी आडवी झाली. कल्ले भरभर हलत होते. मी स्टूल ओढून समोर बसलो. खरं सांगतो, मी घराचा विचार केला नाही, पुण्याचाही नाही. मी तिला एवढंच म्हणालो की बाई, मी तळापर्यंत हात घालून पाहून राह्यलो, आता तू जरा थांब. सहाव्या दिवशी ती उभी होती. सातव्या दिवशी ठिपके विरळ झाले. मग दिसेनासे झाले. नलूबाई म्हणाल्या, "झालं ना काकाजी?" मी म्हणालो, "अजून वाळूत हाय, चार दिवस काढा." त्यांनी काढले. लेकरांनीही काढले.

आज रविवार. सकाळी खायला टाकलं तर मोठीबाई आली. सावकाश, पंगत थांबली आहे अशी. दोन घास घेतले आणि वळली. मी डहाळी सोडली, म्हणजे चिकटपट्टी ओरबाडली. मोटर उचलून बाहेरच्या खोलीत नेली आणि तिथं खिळा ठोकला. मग भिंतीपलीकडं आवाज दिला, "नलूबाई, फोडणी सुटली बरं का!" तिकडून लेकरांचा गलका आला आणि लगेच तेल तडतडल्याचा आवाज.

मी स्वतः कधी फोडणी दिलेली नाही. आज कढई ठेवली. तेल किती तापवायचं ते कोणी सांगितलं नव्हतं, हात घालून पाहण्यासारखं ते पाणी नव्हे. मोहरी टाकली तर अर्धी माझ्या अंगावर आली. लसूण टाकला आणि तेवढ्यात फोन वाजला.

"मासा कसा आहे, बाबा?"

"खाऊन राह्यला."

"मग..." सतीश म्हणाला, आणि थांबला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडून तो पुढचा प्रश्न अर्धा बाहेर आला. "मग तुम्ही?"

मला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लसूण काळा झाला होता.

"फोडणी जळून राह्यली ना बे," मी म्हणालो, "ठेव फोन. पुढच्या रविवारी तूच ये जेवाले."